राजधानी पाठ, पोरगं गप्प

शिक्षणानं माणूस सूडबुद्धीतून मुक्त होतो. शेळगावच्या संभाजीनं मात्र पोराला शाळेत घातलं ते सूड घ्यायलाच.

झालं असं, की निरवांगीला त्याच्या साडूची, नारायणची वास्तुशांत होती. नारायणच्या लेकीनं, श्रियानं, जेवणाच्या पंगतीपुढं उभं राहून देशांच्या राजधान्या घडाघडा म्हटल्या. मग नारायणनं संभाजीच्या राजवर्धनला विचारलं, "तुला काय येतं रं?" पोरगं आईच्या पदरात शिरलं.

"संभाजीराव, तुमच्याकडं ऊसच चांगला येतो बगा!" नारायण म्हणाला. पंगत हसली. संभाजी पुरणपोळी अर्धी टाकून उठला.

लगेच राजवर्धनचं नाव बारामतीच्या इंग्रजी शाळेत घातलं. दिवस उजाडायच्या आत गाडी. संध्याकाळी जेवताना संभाजी मोबाईलमध्ये बघून राजधान्या घोकून घ्यायचा. चुकलं की पोराचा घास थांबायचा.

पूर्वी हे पोरगं आजीला, बनाबाईला, कोंबडीनं अंडं कुठं लपवलं इथपासून सगळी हकीकत सांगायचं. आता काही विचारलं तरी एकच उत्तर, "इसरलो."

"आरं, लेकरू बघतं, हुंदडतं, झोपतं, तवाच त्याच्या ध्यानात राहतं," बनाबाई म्हणाली. "भ्यालेल्या डोक्यात काय टिकतंय?"

"आये, नारायणचं तोंड बंद झालंच पायजे."

"बरं," म्हातारी म्हणाली. तिनंही सूड घ्यायचं ठरवलं. संभाजी जेवायला बसला, तशी तिनं भाकरी हातातच धरली. "पोलंड?"

"काय?"

"पोलंडची राजधानी. मला ऐकून ऐकून पाठ झालीया. तुला न्हाय येत?"

मोबाईल तिनं आधीच पिठाच्या डब्यात ठेवला होता. संभाजीला वॉर्सा काही आठवेना. भाकरी टोपल्यात परत गेली. बायको, अनिता, मदतीला येईल म्हणावं, तर ती ताक घुसळत गालात हसत होती.

तो रागानं ओट्यावर जाऊन बसला. राजवर्धन हळूच शेजारी टेकला आणि कानात म्हणाला, "पप्पा, रडू नका. मला बी येत न्हाय."

संभाजीला त्या भाकरीपेक्षा हे जड गेलं. आपण पोराला रोज हेच केलं की! त्यानं राजवर्धनला गावच्या अंगणवाडीत घातलं. थोड्याच दिवसांत कोंबडीच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या.

मंडळी, मूल शाळेत जरूर जावं, पण आपल्या वयानं जावं; आपली भांडणं दप्तरात घालून त्याला धाडू नये.

सूड सोडल्याचं सांगायला संभाजीनं मोठ्या मनानं साडूला फोन लावला.

"कसला सूड?" नारायण म्हणाला. "बरं झालं फोन केला. रविवारी श्रियाचा सातवा वाढदिवस हाय, समदी या."

राजवर्धनचा चौथा अजून व्हायचा होता.