मोजा आणि मोडलेल्या ओळी

मावशीने जन्मभर विणकाम शिकवलं, आणि नजर विझत चालली तेव्हा कुठे तिला पुस्तक काढायचं सुचलं. घरातच छपाईची जुळणी करणारा भाचा असल्यावर काय, काम आपोआप त्याच्याच गळ्यात पडलं. तिचे नमुने खुणांचे होते: टिंब म्हणजे सुलटा टाका, फुली म्हणजे उलटा, मोकळी जागा म्हणजे सोडलेला.

भाच्याचं सॉफ्टवेअर भारी शिस्तीचं. चार मोकळ्या जागा दिसल्या की त्यांची एक करून टाकायचं. म्हणून त्याने नमुन्यांपुरतं 'जसंच्या तसं' लावलं. मग लांब ओळी समासाबाहेर डोकावू लागल्या. ते काही या नीटनेटक्या गृहस्थाला बघवेना. त्याने 'ओळ आपोआप मोडा' हेही चालू केलं. पान असं देखणं दिसलं की स्वारी स्वतःवरच खूश!

मावशीला पान वाचता येईना, म्हणून भाचेसुनेने छापील नमुन्यावरून मोजा विणून दिला.

"अगंबाई, हा मोजा की पिशवी?" मावशीने तो बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला. तिचं हसू मावळलं. "नमुनाच चुकलाय माझा. डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं म्हणायचं. राहू दे रे ते पुस्तक."

भाच्याने पान पाहिलं. मोडलेल्या ओळीचा उरलेला तुकडा खाली नवी ओळ होऊन बसला होता, आणि बायकोने तो इमानेइतबारे विणला होता. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं म्हणून तो गप्प बसला. त्याने ओळ मोडणं बंद केलं, नमुने पानावर आडवे घेतले, मोकळ्या जागी बारीक वाटीसारखी खूण उमटेल असं केलं. यात आणि बायकोकडून नवा मोजा विणून घेण्यात दोन दिवस गेले. मावशी त्या दोन दिवसांत सुयांना शिवली नाही.

दुसरा मोजा झकास उतरला. मावशीने तो हातावर चढवला, टाच दाबून पाहिली.

"आता कसा जमला?"

"ओळी मी मोडल्या होत्या, मावशी. तुझा नमुना बरोबरच होता."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

मावशीने मोजा काढून मांडीवर ठेवला.

"डोळे गेले ते मी सोसलं रे," ती म्हणाली. "पण डोकं गेलं असं मला दोन दिवस वाटू दिलंस."