मडगार्ड नसलेला वाचक

रविवारी सकाळी चर्चच्या घंटेखाली जमायचं, चिखलातून सायकली हाणायच्या आणि शेवटी गोडेलीवबाईंच्या बारमध्ये खिम्याच्या गोळ्यांचं टोमॅटो सूप ओरपायचं, हा त्या क्लबचा हिवाळा. फ्लँडर्सच्या त्या टेकड्यांत नोव्हेंबरनंतर दुसरं करण्यासारखं असतंय काय? बीटाचे ट्रॅक्टर रस्ताभर चिखल सांडून जातात, आभाळ टपकत असतं, आणि त्यातून ही पन्नाशी-साठीची मंडळी घट्ट चड्ड्या घालून मिरवत जातात.

नियम एकच. ज्याच्या सायकलला मडगार्ड नाही, त्यानं सगळ्यांच्या मागे राहायचं. नाहीतर त्याच्या चाकाचा फवारा थेट मागच्याच्या तोंडात.

फिर्मिन त्या क्लबचा लेखक. पोटासाठी तो लोकांचे नळ दुरुस्त करायचा, पण सोमवारी जेवण उरकलं की लिहायला बसायचा. कोण पडलं, कुणाला धाप लागली, कुणाची चड्डी काटेरी कुंपणाला अडकली, सगळं तिखटमीठ लावून. मंगळवारी ते सगळ्यांना मेलनं जायचं. आणि रविवारी घंटेखाली पाठीवर थाप पडायची, "काय लिहिलंयस लेका!" त्या एका थापेवर गड्याचा अख्खा आठवडा निघायचा. घरी तसंही थापटायला कुणी उरलं नव्हतं.

त्याच्या लिखाणात एक गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. ओडिलोन. साठी उलटलेला, जाडसर, मुखदुर्बळ. चढावर तो सगळ्यात मागे, आणि यंदा तर मडगार्डही नाही, म्हणजे नियमानंही मागेच. फिर्मिनला आयताच मिळाला. 'ओडिलोनची वाट बघता बघता अध्यक्षांना दाढी आली.' 'ओडिलोननं मडगार्डाचे पैसे वाचवून गादीखाली ठेवलेत.' असली वाक्यं सुचली की फिर्मिन स्वयंपाकघरात एकटाच खदाखदा हसायचा.

डिसेंबरात एक घोळ झाला. घाईत त्यानं चुकून गेल्या वर्षीचा लेख पाठवला. कळलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्या लेखात मार्सेल दोनदा पंक्चर होत होता, आणि मार्सेल, ओडिलोनचा थोरला भाऊ, उन्हाळ्यातच गेला होता. आता सगळे फाडून खाणार, अशा तयारीनं फिर्मिन रविवारी घंटेखाली गेला.

"काय लिहिलंयस लेका!" अध्यक्ष रूलांटनं पाठीवर थाप मारली. "झकास!"

दुसरा म्हणाला, "हसून हसून मेलो."

ओडिलोन नेहमीसारखा लांब उभा राहून हातमोजे घालत होता. काही बोलला नाही. पण तो तर कधीच बोलत नसे.

फिर्मिन चक्रावला. साले वाचत नाहीत की काय? पण मूळचा खोडकर माणूस, रडत बसणाऱ्यांतला नव्हे. म्हणाला, बघूच. पुढच्या लेखात त्यानं रूलांटला डुकरांच्या घाणीच्या हौदात पाडलं, बायकोनं त्याला अंगणात पाइपानं धुतलं असंही लिहिलं. रविवारी रूलांट म्हणाला, "मस्त जमलंय!" मग फिर्मिननं लेखाच्या ऐन मध्यावर लिहिलं, 'हे वाक्य वाचणाऱ्याला माझ्याकडून बिअर. फक्त येऊन मागायची.' आता ह्या लोकांना फुकटची बिअर सोडताना कुणी बघितलंय? पण कुणी मागितली नाही. सूप ओरपणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे बघताना फिर्मिनला चमचा उचलवेना. इतकी वर्षं तो भिंतीशी बोलत होता आणि भिंत त्याच्या पाठीवर थापा मारत होती.

जानेवारीत त्यानं शेवटचा डाव टाकला. सगळा लेख नेहमीसारखा, आणि खाली दोन ओळी: 'माझं लिहिलेलं कुणीच वाचत नाही असं दिसतंय. कुणी वाचत असेल तर येत्या रविवारी चर्चपाशी न जाता कालव्याच्या पुलावर या. एक माणूस आला तरी लिहीन, नाहीतर बंद.'

रविवारी तो पुलावर उभा राहिला. बर्फ नाही, पाऊस नाही, मधलंच काहीतरी तिरकं पडत होतं. लांबून चर्चची घंटा ऐकू आली. म्हणजे मंडळी निघाली असणार. पायाची बोटं बधिर झाली. एक मालवाहू बोट पुलाखालून गेली, तिच्यावरचं कुत्रं त्याच्याकडे बघून भुंकलं. तेवढीच काय ती दाद.

तो सायकलवर टांग टाकणार, एवढ्यात काठाच्या रस्त्यावरून कुणीतरी येताना दिसलं. सावकाश. मडगार्ड नसलेलं.

"तू?" फिर्मिन म्हणाला.

"मीच. अजून कुणी यायचंय?"

"नाही, म्हणजे... तू वाचतोस?"

"दोन-दोनदा."

फिर्मिनला वाटलं, ह्या जाड्याला मिठी मारावी. "अरे मग बिअर का नाही मागितलीस गाढवा! देणं लागतो मी तुला!"

"तेही वाचलं होतं. मागावीशी वाटली नाही." ओडिलोननं चष्मा पुसला. "मंगळवारी मेल आला की मी आधी माझं नाव शोधतो. वाटतं, ह्या खेपेला सोडलं असेल ह्यानं मला."

"अरे, गंमत असते रे ती!"

"नोव्हेंबरात मी दगडी चढ पाय न टेकता चढलो. जन्मात पहिल्यांदा. तू शेजारीच होतास, शाबास म्हणालास. मंगळवारी काय लिहिलंस? की ओडिलोन एवढा हळू चढत होता, की मागून गोगलगायीनं घंटी मारून वाट मागितली."

फिर्मिनला हसू फुटलं. दाबलं, तरी फुटलंच. वाक्य चांगलं होतं.

ओडिलोननं ते बघितलं.

"सगळे हसतात म्हणून लिहितो रे," फिर्मिन घाईघाईनं म्हणाला.

"कोण सगळे? वाचत तर कुणीच नाही. तूच लिहिलंयस."

फिर्मिननं त्याच्या सायकलकडे बोट दाखवलं. "बरं, तू मडगार्ड तरी का बसवत नाहीस?"

"ही मार्सेलची सायकल. तरुणपणी हिच्यावर शर्यती मारायचा तो. ह्या चौकटीला मडगार्ड अडकवायला भोकंच नाहीत, आणि मी काही ती पाडणार नाही. डिसेंबरात तू चुकून जुना लेख पाठवलास ना, तेवढाच एक आवडला मला. त्यात मी माझ्या सायकलवर होतो. आणि मार्सेल पुढे होता."

फिर्मिनची नजर त्या चौकटीवर गेली.

"एक माणूस आला तर लिहीन म्हणालास, म्हणून आलो," ओडिलोन म्हणाला. "लिही तू. माझं नाव तेवढं मेलच्या यादीतून काढ. क्लबातूनही." मग त्यानं सायकल वळवली. "आणि आज मी पुढे."

गावाकडे जायला तो एकच रस्ता. ओडिलोन पुढे, फिर्मिन त्याच्या चाकामागे. बीटाचा, शेणाचा, कालव्याचा चिखल सपासप त्याच्या तोंडावर बसत राहिला. बाजूनं निघून जाणं सोपं होतं. अंतर ठेवून मागे राहणंही सोपं होतं. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. चर्चच्या वळणावर ओडिलोन घराकडे वळला, मागे न बघता.

सोमवारी फिर्मिननं लिहिलं. एक विनोद नाही. दगडी चढ, पाय न टेकलेला माणूस, भोकं नसलेली सायकल, सगळं जसंच्या तसं. लिहून वाचलं, आणि त्याला कळलं की असं त्यानं कधीच लिहिलं नव्हतं. मंगळवारी पाठवताना यादीतल्या ओडिलोनच्या नावावर तो बराच वेळ अडकला. एकदाच पाठवू, शेवटचं. पण काढ म्हणाला होता. काढलं. मग उरलेल्या सगळ्यांना लेख गेला.

रविवारी घंटेखाली पाठीवर थाप बसली.

"काय लिहिलंयस लेका!" रूलांट म्हणाला. "हसून हसून पोट दुखलं!" मग त्यानं मंडळींवरून नजर फिरवली. "तो ओडिलोन कुठाय? उठला नसेल जाड्या. चला, आज कुणासाठी थांबायला नको."