अंजनाबाईनं निवडलेला तांदूळ

साल दोन हजार तेवीस. पोळा नुकताच होऊन गेला होता आणि चामोर्शी तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत अंजनाबाईची खिचडी दुसऱ्यांदा करपली.

तशी ती काही कालची स्वयंपाकीण नव्हती. या शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हापासून डाव तिच्याच हातात. तेव्हा खिचडीचा मोठा गंज चुलीवर, लहानगा लेक राजदीप पायात, तोंडानं धानाच्या रोवणीचं गाणं, आणि कुणाची बकरी कुंपणातून शिरली तर तिच्यावरही डोळा. तरी काही करपत नसे. आता समोर एकच काम असूनही मन कुठल्या कुठं जायचं. कधी वारलेल्या नवऱ्याकडे, कधी फुटलेल्या कौलाकडे, कधी उगाचच लहानपणीच्या तळ्याकडे. नाकाला वास आला की मग कळायचं.

मुख्याध्यापक धनराज सर माणूस वाईट नव्हते. पण पोरं उपाशी घरी गेली त्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा असं झालं तर डाव सोमारीला द्यावा लागेल. सोमारी तिची मदतनीस, तरणी, हसरी, गोंडाची पोर. तिच्याबद्दल राग नव्हता. पण अंजनाबाईजवळ त्या डावाशिवाय होतं काय? सकाळी उठून जायला एक जागा, आणि रस्त्यानं जाताना पोरांनी मारलेली ‘खिचडीबाई’ अशी हाक.

राजदीप आता मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्या पर्यटकांची जिप्सी चालवायचा. तिथल्या रिसॉर्टवाल्यानं नोकरांना ध्यान शिकवायला शहरातून एक बाई आणल्या होत्या. त्यांच्याकडून शिकलेलं त्यानं फोनवर आईला सांगितलं.

“माय, जे करून राह्यली त्यातच मन ठेव. मन पळालं का श्वासावर आण.”

“हे तुहा आजा सांगे मले,” ती म्हणाली. “त्याले कोन्या हॉटेलात नाई जा लागलं.”

खरंच होतं ते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तिचा बाप संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर डोळे मिटून श्वास बघत बसायचा, आणि पोरं त्याच्या नाकावरच्या माशा मोजायची. तेव्हा हसू यायचं. आता तिनं स्वतःच सुरू केलं. भांडं घासताना भांडं, कांदा चिरताना कांदा. पण मन ऐकेल तर शपथ. कांदा अर्धा होईपर्यंत ते तळ्यावर जाऊन परत आलेलं असायचं. चिडून ती मनाला मोठ्यानं म्हणायची, “बस ना इथी, कुठी जातं?” आणि पाण्याला निघालेली सोमारी बिचारी खाली बसायची.

मग स्वयंपाकिणींचं प्रशिक्षण निघालं, चामोर्शीला. पंख्याखालचा हॉल, माईकवर तालुक्याच्या बाई बोलत होत्या. इतकं निवांत बसायला पुन्हा कधी मिळणार, म्हणून अंजनाबाईनं डोळे अर्धे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. आणि काय नवल, मन स्थिरावलं! पहिल्यांदाच स्थिरावलं. येताना खुशीत तिनं सोमारीला बाजारातली भजी खाऊ घातली. बाईंनी सांगितलेलं समजलं ना, असं सोमारीनं विचारलं. अंजनाबाईचं सगळं लक्ष भज्यात होतं. समजलं, म्हणाली.

शाळेत नवीन तांदूळ आला. रोजचा तांदूळ ती आदल्या दिवशी घरी न्यायची आणि सकाळी अंगणात बसून निवडायची. आता नजर स्थिर झालेली. तिला मधेमधे वेगळेच दाणे दिसले, पिवळट, साच्यातून काढल्यासारखे. प्लास्टिकचा तांदूळ आलाय अशी गावात कुजबुज होतीच. तिनं एकेक दाणा वेचून काढला आणि कोंबड्यांपुढे टाकला. दिवसामागून दिवस. खिचडीही करपेना. सर म्हणाले, बाई, तुमचं ध्यान लागलं बरं का.

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या बाई तपासणीला आल्या. त्यांनी टोपल्यातल्या निवडलेल्या तांदळात हात घातला, मग पोत्यात घातला, आणि त्यांचा चेहराच बदलला. पोरांच्या रक्तासाठी सरकारनं लोह घालून बनवलेले दाणे मुद्दाम तांदळात मिसळले होते. पोत्यात ते होते, टोपल्यात एकही नाही.

“हा तांदूळ मधे कुणाच्या घरी जातो म्हणे,” बाई सरांना म्हणाल्या. “शाळेचा जातो आणि बाजारचा येतो, असं समजायचं का?”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. अंजनाबाईला एवढंच म्हणायचं होतं, की आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण प्रशिक्षणात शेजारीच बसलेली सोमारी घागर घेऊन दारात उभी होती, तिच्याकडेच बघत.

“चोरी नाई केली बाई,” अंजनाबाई म्हणाली. “म्याच निवडून टाकले, पलास्टिक समजून. कोंबड्या खाऊन राह्यल्या.”

“प्रशिक्षणात दाखवले होते ना?”

“दाखवले असन. मी तिथीच होती. पन मी माहा श्वास पाहून राह्यली होती.”

बाईंना समजलं नाही. तिला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षाही वेड्यासारखं वाटलं. सगळे तिच्या अंगणात गेले. पिवळट दाणे अजून मातीत पडलेले होते आणि कोंबड्या अशा तुकतुकीत, की सोमारीला हसू आवरेना. चोरीचा आळ तिथंच गेला. डाव मात्र त्याच दिवशी गेला.

घरी येऊन तिनं राजदीपला फोन लावला. “विचार तुह्या त्या शहरवाल्या बाईले,” ती म्हणाली, “एकाच गोठीत मन घातलं तं बाकीचं कोन आयकते?” गाडी लावायची आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुढं धनराज सरांची बदली सिरोंच्याकडे झाली. तिथं पोरं तेलुगूत बोलतात आणि सर सगळ्यांना हो म्हणतात, असं ऐकू येतं. राजदीप मोहर्लीलाच आहे, आता फक्त रस्त्यावर लक्ष ठेवतो. कोंबड्या पाहुण्यांच्या ताटात गेल्या. सोमारी खिचडी शिजवते आणि कधीमधी करपवतेही, पण तिला कुणी काही म्हणत नाही, तरणी आहे म्हणून.

अंजनाबाई पौर्णिमेला विहारात बसते, पण कुणी काही सांगायला उभं राहिलं की आधी डोळे उघडते. शाळेच्या व्हरांड्यात जाऊन ती अजून तांदूळ निवडून देते, फक्त खडे. ‘खिचडीबाई’ अशी हाक आली की दोघीही मान वळवतात. पोरं सोमारीकडे धावतात, आणि अंजनाबाई टोपलं आदळते. टोपल्याच्या कडेला सारलेले खडे पुन्हा तांदळात मिसळतात.