कौसल्याबाईंचं माप

जालन्यातली बियाण्यांची कंपनी विकली गेली, ही बातमी कौसल्याबाईंना कॅन्टीनमध्ये कळली. हैदराबादच्या मोठ्या कंपनीनं घेतली म्हणे. कुणाला नेमणूकपत्र मिळणार, कुणाला घरी पाठवणार, ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

कौसल्याबाई प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं एकच काम करत होत्या. ओल्या कागदात शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, आठवड्यानं उघडून किती उगवले ते मोजायचं. त्या लागल्या तेव्हा कंपनी म्हणजे जुन्या मोंढ्यातल्या दोन खोल्या होत्या. मालक स्वतः पोती शिवायला बसत, आणि कुणाला कामावर घेतलं तर ‘उद्यापासून या, चहा चार वाजता’ एवढंच म्हणत. आता निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती याच टेबलाशी जावीत, एवढंच त्यांचं मागणं.

सोमवारी सदर बाजारातले राधेश्याम टेलर गळ्यात टेप घालून आले. नव्या कंपनीचे गणवेश शिवायचे होते. झालं! ज्याचं माप घेतलं तो राहिला, असा कामगारांनी निकालच लावून टाकला. गोदामातले सर्जेराव तर छाती फुगवून उभे राहिले.

“श्वास सोडा सर्जेराव, न्हाईतर सदऱ्याची बैलाची झूल होईन,” धर्मराज वॉचमन म्हणाला.

टेलरनं यादी बघत एकेकाला बोलावलं. कौसल्याबाईंना मात्र हाक आली नाही. जाताना त्यानं नमस्कार तेवढा केला. विचारायला बाईंची जीभ उचलेना.

“मावशी, चुकून राहिलं असंन,” प्रयोगशाळेत नवी लागलेली तृप्ती म्हणाली.

“जाऊ दे. इकडं ये. कांद्याचं बी बघ. उगवलेलं कोनतं अन् नुसतं फुगलेलं कोनतं, ते नीट शिकून घे.”

तीन दिवस त्यांनी आपल्याला येत होतं ते सगळं तिला शिकवलं. चौथ्या दिवशी राहवेना. घरी जाताना त्या टेलरच्या दुकानाची पायरी चढल्या.

“राधेश्यामभाऊ, खरं सांगा. माझं नाव यादीत न्हाई ना?”

“हाये की!”

“मंग माप का न्हाई घेतलं?”

टेलर हसत सुटला. “ताई, अठरा वर्षं झाले तुमचे ब्लाउज शिवून राह्यलो. माप वहीत हाये. प्रयोगशाळेचा कोट तर कालच कापला.”

कौसल्याबाई बाकावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“पन ताई, यादी गेटवरच्या हजेरीची हाये,” तो म्हणाला. “कोनाला ठेवतात अन् कोनाला काढतात, मला काय म्हाईत?”

शनिवारी पत्रं आली. माप देऊनही सर्जेरावांना आलं नाही. “सदरा तरी द्या म्हना, गावाकडं तीर्थपुरीला मिरवतो,” ते हसत म्हणाले, आणि गोदामाकडं वळले.

कौसल्याबाईंचं पत्र इंग्रजीत होतं, ते तृप्तीनं वाचून सांगितलं. काम तेच, जागा तीच, पण पहिले सहा महिने उमेदवारीचे.

“सत्तावीस वर्षांनंतर उमेदवारी!” तृप्ती चिडली.

“असू दे गं. त्यांना कुठं म्हाईत, मी कोन ते? बघू दे की. चाराच्या चहाचं काय लिहिलंय?”

“चहाचं काहीच न्हाई.”

“पहिल्या मालकानं तोंडी सांगितलं होतं. लिही खाली, मंजूर. अन् चहा चार वाजता, बराबर.”

“असं लिहितात का, मावशी?”

पण बाई पेन पुढं धरून उभ्याच राहिल्या, तेव्हा तिनं तसंच लिहिलं. त्याखाली कौसल्याबाईंनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली.