घोट्याच्या वर

पटाशीचं टोक चामड्याखाली सरकलं आणि बूटमास्तरांचा हात तिथंच थांबला. हा तुकडा त्यांचा नव्हता.

त्यांनी कलबूत खिडकीपाशी उजेडात नेलं. कलबूत म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. दुखऱ्या पावलांसाठी बूट करणारं त्या भागात हे एकच दुकान, आणि इथली रीत अशी, की प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतःची कलबुतांची जोडी फळीवर असायची. कुणाचा सांधा सुजला, कुणाला नवं टेंगूळ आलं, की लाकडावर नेमक्या त्या जागी चामड्याचा तुकडा ठोकायचा, म्हणजे बुटात तेवढी जागा होते. तुकड्यावर पेन्सिलीनं तारीख. माणूस गेलं की सगळे तुकडे उचकटायचे, कानशीनं लाकूड साफ करायचं आणि ते दुसऱ्या कुणाच्या कामी लावायचं. लाकडाला सुतक नसतं, असं बूटमास्तरांचे वडील म्हणायचे.

बायकोची जोडी मात्र दोन वर्षं फळीवर तशीच राहिली होती. आज टपालवाल्या बाईंना नेमकं तेच माप हवं होतं, म्हणून त्यांनी मन घट्ट करून ती खाली काढली. उजव्यावर सात तुकडे असायला हवे होते. सांधा बिघडल्यापासूनच्या पंचवीस वर्षांतले सात. सातही तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी पुन्हा मोजले. आठ भरले.

आठवा अंगठ्याच्या सांध्यापाशी, जुन्या तुकड्याच्या डोक्यावर बसलेला. तीन बारीक खिळे, त्रिकोणात, डोकी आत दाबलेली. ठोकण्याची पद्धत अगदी त्यांची. तारीख नव्हती. चामडं मात्र गेल्याच महिन्यात आलेल्या तांबूस कातड्यातलं होतं.

म्हणजे मेलेल्या बाईचं हाड वाढलं होतं.

असलं काही आपल्या मनात आलं याचीच त्यांना लाज वाटली. पटाशी खाली ठेवायला गेले तर ती सुटेना. अंगठ्याच्या बुडाशी पेटका आला होता. पंजा मिटला तो मिटलाच, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता आणि पटाशी परत द्यायला तयार नव्हता.

"बाबा, परत?"

लेक मागच्या खोलीतून आली. झपझप, ताठ, टाचा वाजवत. एकेचाळीस वर्षांची, दुकान आता तीच बघत होती. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवला.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? सांध्याची गादी झिजली की भरून येत नाही. हातोडी बंद करा म्हणाल्या ना?"

"त्यांना सांग, बोलून बोलून जीभही झिजते. ती बंद केली का त्यांनी?"

लेक हसली. मग तिची नजर कलबुताकडे गेली आणि हसू अर्ध्यात राहिलं.

"हे कशाला काढलंत?"

"टपालवालीला लागतंय."

"तिला दुसरं करू. हे राहू द्या."

तिनं जोडी उचलून परत फळीवर ठेवली. ठेवताना क्षणभर फळीच्या कडेला हात धरून उभी राहिली, आणि पुन्हा झपझप आत गेली.

त्यांना विचारता आलं असतं. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी एका बुटाला दोनदा तळ ठोकला होता, आणि एकदा गॅसवर खळ तापत ठेवून तसेच वर झोपायला गेले होते. हात गेले तरी दुकानात बसता येतं. डोकं गेलं असं लेकीला वाटलं, तर बसण्याचीही सोय उरणार नाही. हा तुकडा आपणच लावला आणि विसरलो, असं निघालं तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आणि खरं सांगायचं तर त्यांना बायकोबद्दल कुणाशीच बोलायचं नव्हतं. शेवटच्या वर्षांत ती दुपारची त्या खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसायची. म्हणायची, "अहो, दुखतंय." ते मान वर न करता म्हणायचे, "आण इकडे, तुकडा ठोकतो." गिऱ्हाईक बसलेलं असलं तर जरा जोरातच म्हणायचे, "सगळ्यांचंच दुखतं. इथं येणारी माणसं काय नाचायला येतात?" गिऱ्हाईक हसायचं. एकदा तीही हसली होती, आणि मग हळूच म्हणाली होती, "एकदा विचारा तरी, कुठं दुखतंय ते." थंडीच्या आधी तिला बुटांची नवी जोडी हवी होती. पुढच्या महिन्यात करू, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात ती नव्हती. गावभरच्या पावलांना बूट करणाऱ्याची बायको फाटक्या बुटांत गेली, आणि हे कुणी त्यांना तोंडावर म्हणालं नाही, म्हणून ते दोन वर्षं स्वतःलाच म्हणत होते.

दुपारी एक ते अडीच दुकान बंद असे. लेक बाहेरून कुलूप लावून चामड्याच्या बाजारात जाई. बूटमास्तर चौदा पायऱ्या चढून वर पडायला जात. चढताना त्यांचे गुडघे असे वाजत, की जिनाच कुरकुरतोय असं वाटावं. त्या दुपारी ते पडले, आणि त्यांना खालून पावलं ऐकू आली.

धप्प. सर्र. धप्प. सर्र.

एक पाऊल पूर्ण पडणारं, दुसरं ओढलेलं. बाकापासून फळीपर्यंत. फळीपासून स्टुलापर्यंत. मग शांत.

पोळी उलटण्याच्या आवाजावरून आपल्या घरचा हात ओळखू येतो, तशी त्यांनी ती चाल ओळखली. पंचवीस वर्षं ऐकलेली चाल. घाईनं उठायला गेले तर मांडीत गोळा आला आणि ते पलंगाच्या कडेला तसेच अडकून बसले. भिंतीला धरून, एकेक पायरी बसत खाली उतरेपर्यंत अडीच वाजायला आले होते. दुकानात कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. त्यांनी स्टुलावर हात ठेवला. बसकण कोमट होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर जाण्याआधी शंखजिऱ्याचा डबा घेतला. घट्ट बुटात पाऊल सहज जावं म्हणून वापरायची ती पांढरी भुकटी. फळीखालच्या काळ्या फरशीवर त्यांनी ती चाळणीनं पसरली आणि चौदा पायऱ्या चढले.

धप्प. सर्र.

आवाज थांबल्यावर ते उतरले. फरशीवर अनवाणी पावलं उमटली होती. अंगठा शेजारच्या बोटावर कललेला. त्याच्या बुडाशी टेंगूळ. सगळा भार बाहेरच्या कडेवर. डावं पाऊल ओढल्यामुळे लांबट झालेलं. ही पावलं त्यांनी कागदावर पेन्सिल फिरवून किती वेळा काढली असतील! जगातली बाकी सगळी माणसं ते विसरले असते, तरी ही पावलं विसरले नसते.

अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. त्यांना रडू आलं. मेल्यावर तरी सुटेल असं वाटलं होतं. तिचं अजून दुखत होतं.

त्यांनी ओल्या फडक्यानं फरशी पुसली, आणि लेक आल्यावर बायकोची जोडी पुन्हा खाली काढली.

"हिच्यावर बूट करायचेत," ते म्हणाले.

लेकीनं तांबूस कातड्याची गुंडाळी त्यांच्यापुढे आणून ठेवली.

नऊ दिवस लागले. पूर्वी दोन लागायचे. रापीनं चामडं कापताना अंगठा कामाचा नाही, म्हणून त्यांनी ती तळव्यात धरून मनगटानं ओढली. दोरा ताणायला तो मनगटाला गुंडाळला. दर अर्ध्या तासाला पंजा आखडायचा, लेक येऊन बोटं सोडवायची, पातेल्यातलं पाणी बदलायची. आठवा तुकडा त्यांनी काढला नाही. त्याच्यावरूनच चामडं ताणलं.

टपालवाल्या बाई माप द्यायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"बूटमास्तर, तुमच्या हातापेक्षा माझं पाऊल बरं म्हणायची वेळ आली की! कुणासाठी एवढा जीव काढताय?"

"आहे एक जुनं गिऱ्हाईक."

"थांबलंय होय अजून?"

"थांबलंय," बूटमास्तर म्हणाले. मागच्या खोलीत लेकीची हातोडी चालू होती, ती मधेच थांबली आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली.

दहाव्या दुपारी त्यांनी नवे बूट स्टुलासमोर ठेवले. तिथं भिंतीशी एक तिरका आरसा होता, हातभर उंचीचा, गिऱ्हाइकाला आपले बूट दिसावेत म्हणून. त्यात घोट्यापर्यंतच दिसायचं. बूटमास्तरांनी उभ्या आयुष्यात माणसं त्याच आरशात ओळखली. रस्त्यात कुणी हाक मारली तरी ते आधी खाली बघत, आणि मग हाक मारणाऱ्याला ओळख देत. लोक त्यावरून त्यांची थट्टा करत.

लेक बाहेर पडली. कुलूप वाजलं. बूटमास्तर मुद्दाम आवाज करत पायऱ्या चढले, आणि मग बसत बसत परत तिसऱ्या पायरीपर्यंत उतरले. तिथून दुकान दिसत नव्हतं. आरसा तेवढा दिसत होता.

मागच्या खोलीतल्या दाराची कडी बाहेरून हलकेच निघाली.

धप्प. सर्र.

आरशात आधी रिकामी फरशी होती. मग पावलं आली. अनवाणी. कललेला अंगठा, टेंगूळ, सुजलेला घोटा. तीच. ती बुटांपाशी येऊन थबकली. इतका वेळ थबकली, की आता ही विरून जातील असं त्यांना वाटलं. त्यांना हाक मारायची होती, पण बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारलीच नव्हती.

उजवं पाऊल उचललं गेलं आणि बुटात शिरलं.

"आई गं," कुणीतरी पुटपुटलं.

आवाज लेकीचा होता.

डावंही आत गेलं. बूट चार पावलं चालले, वळले, परत आले. धप्प. धप्प. ओढ अजून होती, पण कमी.

जगाची पावलं बघितली, आणि घरातली? दिव्याखाली अंधार तो हाच. लेक कळती झाल्यापासून स्वतःचे बंद बूट स्वतःच शिवून घालत होती, घरातसुद्धा. ती आपल्यासमोर नेहमी इतकी झपझप का चालते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"कधीपासून?" बूटमास्तरांनी जिन्यातूनच विचारलं.

आरशातली पावलं जागच्या जागी थांबली आणि एकमेकांना चिकटली, शाळेत उभं केलेल्या पोरीसारखी.

"आई होती तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"आईनं तिचं सांगितलं होतं की तुम्हाला."

बाहेर गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. ती दूर गेल्यावर लेक म्हणाली, "दिवसभर नीट चालते ना मी? मग दुपारी तासभर माझ्यासारखी चालते, एवढंच. मागच्या दारानं येते. आईची जोडी मला बरोबर होते, म्हणून तिच्यावरच माझे बूट करत होते. तो तुकडा मीच ठोकला. तुम्हाला कळेल असं वाटलं नव्हतं."

बूटमास्तर खाली आले. स्टुलाला धरून फरशीवर बसले. बसताना दोन्ही गुडघे काडकन वाजले.

"बस," ते म्हणाले.

ती स्टुलावर बसली. त्यांनी तिचा उजवा बूट काढला, पाऊल मांडीवर घेतलं. लहानपणी घेतलं होतं, त्यानंतर आज. अंगठा आपोआप टेंगळावर गेला, दुसरा हात पेन्सिलीकडे गेला. तुकडा आणखी एक सूत जाड हवा, हे त्यांना न बघताही कळलं. ते बोलायला तोंड उघडणार होते. मग त्यांनी पेन्सिल फरशीवर ठेवली.

"कुठं दुखतं?"

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

"पावलाचं काही नाही हो बाबा. पावलाचं तुकड्यानं भागतं." तिचा हात छातीपाशी गेला आणि तिथंच थांबला. "इथं. आईचंही इथंच होतं."

बूटमास्तरांनी सवयीनं आरशात पाहिलं. आरशात घोट्यापर्यंतच दिसत होतं.