आईच्या तोंडाचं माप

“आ कर,” धाकटी म्हणाली.

आईनं ओठ आणखी घट्ट मिटले. धाकटीनं तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं होतं, गळ्याभोवती टॉवेल बांधला होता आणि गुलाबी लगद्यानं भरलेला पत्र्याचा अर्धगोल साचा हातात धरून ती उभी होती. लगदा घट्ट व्हायला लागला होता.

“दुखत नाही. नुसतं माप घ्यायचंय.”

“नको मला दात.”

“मग काय जन्मभर पाव भिजवून खाणार?”

“सवय आहे,” आई म्हणाली. तिनं टॉवेल सोडला, त्याची चौकोनी घडी घातली आणि उठून भांडी विसळायला लागली. भांडी आधीच विसळलेली होती.

वाळलेला लगदा धाकटीनं केराच्या डब्यात टाकला. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला संशय आला होता, आणि तो एकदा आला की पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नसे.

आई येऊन महिना होत आला होता. एका संध्याकाळी धाकटी कामावरून परतली, तर वरच्या पायरीवर कापडी पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसलेली. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. ओळखायला क्षणभर लागला, कारण मध्ये वीस-बावीस वर्षं गेली होती. “निघून आले,” एवढंच आई म्हणाली. धाकटीनं तिला घरात घेतलं, खाऊ घातलं, अंथरूण दिलं; आणि आपल्या खोलीच्या दाराला आतून खुर्ची टेकवून मग दिवा मालवला. ती खुर्ची अजूनही रोज टेकवली जात होती.

आई जिथून आली होती आणि जिथून धाकटी सतराव्या वर्षी पळाली होती, त्या जागेला आतले लोक ‘मोठं घर’ म्हणत. बाहेरच्याला ती कष्टाळू, सरळमार्गी, जरा जास्तच शांत माणसं वाटत. आत थोरल्यांचा शब्द चाले. थोरल्यांनी कधी आवाज चढवला नाही; त्यांना तशी गरजच पडत नसे. तिथे कुणी कुणाचं नव्हतं. सगळ्या बायका मावश्या आणि सगळी मुलं सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाहीत. दिवेलागणीला ‘उघडणी’ असे. गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचा तरी दोष उघडा करायचा. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसे, तो काहीतरी झाकतोय असं धरलं जाई. त्यामुळे पोरंसोरंसुद्धा दिवसभर एकमेकांवर डोळा ठेवून असत. आणि संध्याकाळी ज्याचा दोष उघडा व्हायचा असे, त्याच्याशी सगळे सकाळपासून फार गोड वागत. अजूनही कुणी आपुलकीनं विचारपूस केली की धाकटी आधी दार कुठे आहे ते बघे.

दुखणं गिळायचं, हा तिथला मोठा नियम. औषध म्हणजे अविश्वास. मोठ्या माणसांचे पडलेले दात थोरल्यांच्या बैठकीत एका काचेच्या बरणीत ठेवलेले असत, आणि थोरले कधीमधी ती बरणी हळूच हलवून मुलांना ऐकवत. धाकटी लहान असताना तिची दाढ ठणकायला लागली. ती पांघरुणात तोंड खुपसून रडे. एका उघडणीला आई उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “ही दुखणं गिळत नाही. चोरून रडते.” बटाट्याच्या अंधाऱ्या खोलीत धाकटीला कोंडलं, ते दाढ आपली आपण निवेपर्यंत. बाहेर आल्यावर आईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

पळून आल्यावरसुद्धा मोठ्या घरानं तिचा पिच्छा लगेच सोडला नाही. स्वच्छ कपड्यांतली, हळू बोलणारी माणसं येत. मालकाला काहीतरी सांगत, मग समोरच्या फुटपाथवर नुसती उभी राहत. दोन नोकऱ्या अशा गेल्या. तिनं गावं बदलली. शेवटी या शहरात कवळ्या करण्याच्या कारखान्यात ती चिकटली. बोलून बोलून मन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे ती बरीच वर्षं गेली. दुकानात न आवडलेली वस्तू परत करणं, ‘नको’ म्हणणं, खिडकीकडे पाठ करून जेवणं, हे सगळं ती तिथे शिकली. शंका सोडून द्या असं त्या बाई कधी म्हणाल्या नाहीत. शंका आली तर तपासून बघा, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेणात दात बसवता बसवता तिनं शेजारच्या टेबलावरच्या सशाला विचारलं, की फुकट मिळत असताना एखादं माणूस दात नको का म्हणेल? सशा म्हणजे कवळ्यांना पॉलिश करणारा गडी. स्वतःचे पुढचे दोन दात बाहेर, आणि त्यांची सर्वांत जास्त टिंगल तोच करी.

“सासू असेल तर चावायची सोय नको म्हणून सून नाही म्हणेल,” सशा म्हणाला. मग तिचा चेहरा बघून जरा वरमला. “नाहीतर असं बघ, जिला मुक्कामच करायचा नाही, ती भाड्याच्या खोलीला रंग कशाला देईल?”

तो सहज बोलून गेला, पण धाकटीच्या हातातलं मेण तसंच राहिलं. बरणी तिच्या डोळ्यांसमोर आली. तोंडात नवे दात घेऊन मोठ्या घरात पाऊल टाकलं तर पहिल्या शब्दालाच कळणार. म्हणजे आईला परत जायचंय. आणि परत जायचं असेल तर ती आलीच कशाला? नातलगाला धाडून पळालेल्याला परत आणायचं, ही त्या लोकांची जुनी रीत होती. आई एकटी जाण्यासाठी आलेली नव्हती.

त्या संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तिला थांबवलं. तोंडात टाचण्या धरूनच त्या बोलत.

“तुझी आई मोठी नेमाची हो. दर गुरुवारी दुपारी बाहेर पडते. परवा म्हटलं, कुठं निघालात? तर म्हणाली, पाय मोकळे करायला. पाय मोकळे करायला कुणी इतकं भराभरा चालतं का गं?”

धाकटी वर आली. आईनं तिच्यासाठी बटाटे उकडून, सोलून, झाकून ठेवले होते. “दमलीस का?” असं मऊ आवाजात विचारलं. धाकटी बटाटे खाऊ शकली नाही.

गुरुवारी तिनं मालकाकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि कोपऱ्यावरच्या धोब्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. आई बाहेर पडली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ चालली. मोठ्या घरातली माणसं अशीच चालतात, हे धाकटीला आठवलं, आणि आपणही अजून तशाच चालतो हेही. टपाल कचेरीत मागच्या भिंतीला नाणी टाकून बोलायचा फोन होता. त्याच्या खोक्याचं दार मोडलेलं होतं, नीट लागत नव्हतं. धाकटी पार्सलच्या रांगेत एका जाड्या माणसाच्या आड उभी राहिली.

“मी बोलतेय,” आई फोनवर म्हणाली. “थोरल्यांना सांगा.”

रांग पुढे सरकली, ती सरकली नाही. मागच्यानं दोनदा खाकरून पाहिलं.

“नाही हो. नाही सापडली. दाताच्या कारखान्यात गेले होते, तशी कुणी बाई तिथे नाही म्हणाले. हो, दोन्ही कारखाने पाहिले. आता नदीपलीकडे बघते.” आईचा आवाज घरातल्यापेक्षाही म्हातारा येत होता. दात नसल्यामुळे तिचे निम्मे शब्द वाऱ्यावरच जात, आणि इथे ती ते मुद्दाम जाऊ देत होती. “हो. आणल्याशिवाय येत नाही. हो.”

तिनं फोन ठेवला, वळली आणि समोर धाकटी. आईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, रस्त्याकडे, आणखी कुणी आहे का ते.

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मग आईनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. तिला धाडलंच होतं. धाकटी या शहरात आहे आणि दात करते, एवढा सुगावा त्यांना लागला होता. पत्ता आईनं आपला आपण काढला. पहिल्या गुरुवारी ‘सापडली’ म्हणायचं ठरवून ती गेली होती, आणि ऐन वेळी भलतंच बोलून गेली. तेव्हापासून दर गुरुवारी तिची शोधाशोध चालू होती.

“मी शोधतेय तोवर दुसऱ्या कुणाला पाठवणार नाहीत,” आई म्हणाली.

“आणि दात?”

“दात बसले की बोलणं बदलतं. फोनच्या पलीकडे जी बसते तिला माझा आवाज पाठ आहे. एक शब्द स्वच्छ आला की ती समजेल. दात कुणी करून दिले, तेही समजेल.”

धाकटीनं मान हलवली. सगळं जुळत होतं, आणि तेच तिला नको होतं. जुळणाऱ्या गोष्टी रचण्यात मोठ्या घराचा हात कुणी धरला नसता. आपण मागावर आहोत हे आईला ठाऊक नव्हतं कशावरून? शिंपीणबाईला मुद्दाम दिसेल असं निघायचं, मोडक्या दाराच्या खोक्यातून ऐकू जाईल असं बोलायचं. ही बाई खोटं बोलायला शिकली आहे, एवढं नक्की. पण ती कुणाशी खोटं बोलते आहे, फोनवरच्या बाईशी की आपल्याशी? रस्ताभर ती हाच हिशेब मांडत राहिली आणि तो काही केल्या सुटेना.

घरी आल्यावर तिनं खुर्ची पुन्हा खिडकीशी ओढली.

“फक्त बघते,” ती म्हणाली. “माप नाही घेत.”

आईनं या वेळी तोंड उघडलं.

एवढ्या वर्षांत धाकटीच्या हाताखालून शेकडो जबड्यांचे साचे गेले होते. दात एकेक करून म्हातारपणानं गेले, की हिरडीखालचं हाड कसं चढउतार होत झिजतं, हे ती डोळे मिटून बोटानं सांगू शकली असती. आईच्या मागच्या हिरड्या तशाच होत्या. पुढे मात्र एका बाजूला खोलगट खाच होती, तिथलं हाड आत दबून वेडंवाकडं जुळलेलं. तिनं ओठ उलटून पाहिला. आतून जुना, पांढरा पडलेला व्रण होता. हे दात पडलेले नव्हते. ते एका दिवशी, एकदम गेले होते.

“हे कधी झालं?”

आईनं तोंड मिटलं. टॉवेलच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“विचारतेय मी.”

“तू गेलीस ना, त्या संध्याकाळच्या उघडणीला,” आई म्हणाली. “कुठल्या वाटेनं गेली ते सांग म्हणाले.”

“तुला माहीत होती वाट?”

“खिडकीतून दिसत होतीस की तू. बराच वेळ दिसत होतीस.”

धाकटी हात धुवायला नळाशी गेली. हात बराच वेळ धुवावे लागले. बटाट्याची खोली ती विसरली नव्हती, विसरणारही नव्हती. ती त्या जागी होती आणि ही खाच या जागी होती. एकीनं दुसरी पुसली जात नव्हती. टॉवेलला हात पुसून तिनं डब्यातून गुलाबी भुकटी काढली आणि वाटीत पाणी घातलं.

“आ कर,” ती म्हणाली.

कवळी तिनं कारखान्यात बसून केली, सशाला पॉलिशला हात लावू न देता. सशा म्हणाला, एवढं झिजवलंस तर चेहरा दिसेल त्यात. खाचेच्या जागी मेणाचा थर पुन्हा पुन्हा चढवावा लागला. दात तिनं पांढरेशुभ्र निवडले नाहीत. आईच्या वयाला शोभतील असे, जरा पिवळसर, एक किंचित तिरपा. पहिल्या दिवशी आई आरशापुढे उभी राहिली आणि नाव घेऊन पाहिलं, स्वतःचं, जे मोठ्या घरात कुणी घेत नसे. मग पावाची कडक कड मोडून तोंडात टाकली. चावण्याचा आवाज आल्यावर तीच दचकली.

खुर्ची अजूनही रात्री दाराला टेकत होती. आईला ती ठाऊक होती. सकाळी धाकटीनं दार उघडलं की ती आपणहून खुर्ची उचलून जागेवर ठेवी आणि त्यावर काही बोलत नसे.

पुढच्या गुरुवारी दोघी मिळून निघाल्या. टपाल कचेरीत फोनच्या खोक्यासमोर आई थांबली, भिंतीकडे तोंड केलं आणि रुमाल तोंडाशी नेला. गाल पुन्हा आत गेले. रुमालाची पुरचुंडी तिनं धाकटीच्या हातात दिली आणि मोडकं दार ओढून आत शिरली.

पुरचुंडी ओलसर होती आणि अजून गरम होती. धाकटीनं ती दोन्ही तळव्यांत धरली आणि खोक्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभी राहिली. मागून आईचा बोबडा, विरत जाणारा आवाज येत होता. नाही हो. अजून नाही सापडली.