समाधानचं वाचवलेलं बोट

धुमाळ सरांनी माझ्या संशोधनाच्या पेपरवर सनीचं नाव पहिलं टाकलं, तेव्हा मी भांडले नाही. "बरं, सर," म्हणाले आणि ऑपरेशनसाठी हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून तिथेच ठरवलं, या सनीला चारचौघांत उघडं पाडायचं.

सर आमचे सर्जरीचे गाइड. सनी त्यांचा भाचा आणि माझ्याच बॅचचा रेसिडेंट. भोसरीच्या वर्कशॉपांत पत्रा दाबायच्या प्रेसखाली चेचलेली बोटं कापून न टाकता तळहाताची कातडी लावून वाचवायची, हा अभ्यास माझा. कामगारांच्या खोल्यांवर जाऊन त्यांची बोटं मी तपासली. माझे वडील विलास चाकणला प्रेसवरच होते. त्यांचं बोट कुणी वाचवलं नव्हतं. सनीला भोसरीत फक्त बिर्याणी कुठे चांगली मिळते तेवढं माहीत. आयत्या बिळावर नागोबा. पण परिषदेत पेपर वाचतो तो पहिल्या नावाचा माणूस, आणि त्याच जोरावर पुढे हाताच्या सर्जरीची फेलोशिप मिळते. मला तीच हवी होती.

"फोटो काय, कोणीही दाखवतं," सर म्हणाले. "सनी, स्टेजवर पेशंटच उभा कर. अंजली, एखादा चांगला बोलावून घे."

मी समाधानला निवडलं. जिंतूरकडचा प्रेस ऑपरेटर. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट मी वाचवलेलं, इतकं छान की चटकन ओळखू येत नाही. उजव्या हाताची तर्जनी मात्र लहानपणी गावाकडेच कडबाकुट्टीत गेलेली, मुळाशी नुसता खुंट उरलेला. मी त्याला सगळं खरं सांगितलं.

तो हसला. "आमच्या लाइनवर बी असंच हाय, म्याडम. काम आमचं, फोटो सुपरवायझरचा. येतो मी."

आदल्या दिवशी मी सनीला म्हटलं, "पेशंटला एकदा भेटून घे." खरंच भेटला तर काय, अशी धाकधूक होती. पण त्याने मोबाइलमधून मानही वर केली नाही.

"तू बघितलंयस ना, बास," तो म्हणाला.

परिषद पिंपरीतल्या एका हॉटेलात होती. सनी टाय लावून गुळगुळीत इंग्रजीत बोलला. मग समाधान स्टेजवर येऊन दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. सनीने जरा निरखलं आणि उजवा हात धरून वर उचलला.

"लांबी थोडी कमी राहिली," तो म्हणाला, "पण कातडी सुंदर बसली आहे."

परीक्षक बाई पुढे वाकल्या. "डॉक्टर, इथे बोटच नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाईंनी मग समाधानलाच विचारलं.

"हे त लहानपणीच कडबाकुट्टीत गेलं," तो म्हणाला. "दवाखान्यातलं बोट हे." त्याने डावा हात वर केला आणि मधल्या बोटाने माझ्याकडे दाखवलं. "त्या म्याडमनी केलं. ह्या सायबाला मी आजच बघायलो."

सनीची दया येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम मी पंगतीला बसल्यासारखी निवांत चाखत बसले.

पेपर बाद झाला. सनीचं नाव गेलं, सरांचं गेलं, आणि खाली शेवटी टाकलेलं माझंही गेलं. सरांनी मला जिन्यात गाठलं.

"तू मुद्दाम केलंस हे. स्वतःचाच अभ्यास मातीत घातलास. फेलोशिप विसर आता."

"विसरले, सर," मी म्हणाले. खोटं होतं ते. फेलोशिप अजूनही हवी होती, आणि तरीही मला आनंद झाला होता.

गेटवर समाधान माझी वाट बघत थांबला होता. "म्याडम, लागलं का तुमचं नाव?"

"नाही."

"मंग त्या सायबाचं?"

"त्याचंही नाही लागलं," मी म्हणाले, आणि पेपर वाचायच्या दिवसासाठी घेऊन ठेवलेली साडी सावरत त्याच्यासोबत भोसरीच्या शेअर रिक्षात बसले.